म्हसवड, ९०.४ : न लिहिलेल्या इतिहासाची प्रस्तावना

सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्यांसाठी सरकारने जी नियमावली केली आहे, तिच्यात एक छोटंसं कलम आहे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा. कुणाची तक्रार आली तर पुरावा हाताशी असावा, एवढाच त्यामागचा विचार. चौथ्या महिन्यात त्या आवाजाचं काय करायचं, यावर कलम गप्प आहे. आणि नवी हार्डडिस्क घ्यायची म्हटलं की जिथे आधी विजेचं बिल आठवतं, तिथे चौथ्या महिन्यात काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. वर्तमानपत्राचे जुने अंक रद्दीत जातात, पण रद्दीवाल्याकडे तरी सापडतात. बोललेला शब्द पुसला की पुसला.

म्हणून छोट्या रेडिओचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पंचाईत होते. त्याला दफ्तर सापडत नाही. तो इतिहास ऐकणाऱ्यांच्या कानांत असतो, आणि कान माणसाबरोबर जातात. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचा (एफएम ९०.४) इतिहास कुणीतरी सलग लिहून काढावा असं मला फार दिवस वाटतं आहे. ही त्या न लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना. घराआधी उंबरा बांधण्यासारखंच हे झालं, याची मला कल्पना आहे.

आधी गाव सांगतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे आणि पूर्व टोकाला माण. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, त्याच कलेक्टरच्या हाताखाली असलेल्या माणला ५०० मिलिमीटर पडला तर साल चांगलं म्हणायचं. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, म्हसवडवरून सांगलीच्या आटपाडी तालुक्यात उतरते, तिथून सांगोल्याकडे जाते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने ती नदी म्हणजे वाळूचा रस्ता. माणदेश हा शब्द तालुक्याच्या हद्दी मानत नाही. माण, खटावचा काही भाग, आटपाडी, सांगोला, जतच्या कडेची गावं असं सगळं त्यात येतं. बाभळी, तरवड, खिल्लार जनावरं, मेंढरांचे वाडे, आणि गावापासून कोस-दीड कोसावर एकेकट्या पडलेल्या वस्त्या. या वस्त्यांकडे लक्ष ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

या मुलखाला पाणी कमी मिळालं, शब्द मात्र भरपूर. माडगूळचे दोघे भाऊ, आटपाडीचे शंकरराव खरात, ही नावं मराठी वाचणाऱ्या कुणालाही नवी नाहीत. पण मला त्यातली एक गोष्ट कायम खटकत आली आहे. १९५३ साली पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झालं. १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, जन्म शेटफळ्याचा. त्याच सुमाराला धाकटे व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले आणि सुमारे तीस वर्षं तिथे राहिले. बनगरवाडीही १९५५ चीच. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या कानात त्या काळात माणदेशाचा आवाज होता. फक्त तो मुठा नदीच्या काठावरून येत होता. माणदेशच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकायचा तर तो पुण्याहून मागवावा लागे, जसं इथलं धान्य मार्केट यार्डात जाऊन पिशवीत भरून परत येतं तसा. यात माडगूळकरांचा दोष नाही. ट्रान्समीटर तिकडे होता.

आणि पुणे केंद्र काही एकमार्गी बोलणारं नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने तिथे शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. मूळ कल्पना कॅनडाची. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एका संचाभोवती बसून ऐकायची, मग त्यावर बोलायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. प्रयोगाचं मूल्यमापन पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी केलं. रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि यातलं काहीच नसलेली गावं अशी त्याने तुलना केली. मंडळांच्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली, नुसत्या रेडिओच्या गावांत फारशी नाही. माझ्या मते आपल्याकडच्या ग्रामीण प्रसारणातला हा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष आहे. ऐकून झाल्यावर ज्या गावात भांडण होतं, त्याच गावात ऐकलेलं मुरतं. पुढे ही मंडळं देशभर काढायचं ठरलं, ती पसरलीही, आणि सरकारी योजना पसरताना जशा पातळ होतात तशी पातळही झाली.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणी आली आणि पुण्याचं अंतर कमी झालं. आमच्या घरी चामड्याच्या वेष्टणातला रेडिओ होता. सेल उतरत आले की चुलते ते उन्हात वाळत घालायचे. उन्हाने सेल भरतात अशी त्यांची ठाम समजूत होती आणि दुपारी रेडिओ थोडा वेळ बोलायचाही, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. बाजारभाव, पीकसल्ला, कीर्तन, नाट्यपदं सगळं आम्ही ऐकलं. पण कधी आमच्या शेजारणीचा आवाज त्यातून आला नाही. तो यावा असंही आम्हाला वाटलं नाही. रेडिओत बोलणारी माणसं वेगळ्या मातीची असतात हे आम्ही धरूनच चाललो होतो.

वाचक विचारेल, रेडिओच का? गावाला स्वतःचं टीव्ही केंद्र का नाही? प्रश्न रास्त आहे. मुंबईचं दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, त्यावर ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं, आणि त्यातली माती खरोखरच आमची असायची. पण गावापुरतं टीव्ही केंद्र म्हटलं तर आपल्या शेजारी गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं पिज आठवतं. १९७५ साली तिथे छोटा ट्रान्समीटर उभा राहिला, अहमदाबादच्या अवकाश संशोधन केंद्रातल्या मंडळींनी गावकऱ्यांना घेऊन त्यांच्याच बोलीत कार्यक्रम केले. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता असे विषय त्यात नाट्यरूपाने आले. पिज सुमारे दहा वर्षं गाजलं, मग मोठ्या व्यवस्थेत विरून गेलं. त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही. टीव्हीला यंत्रं महाग लागतात, वीज लागते आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला घरात बसावं लागतं.

नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा तालुक्याच्या गावांत हौशी मंडळींनी स्थानिक वाहिनी म्हणून काहीबाही चालवलं. यात्रेचं चित्रण, शाळेचं गॅदरिंग, गणपतीची मिरवणूक, खाली सरकत्या पट्टीत दुकानाची जाहिरात. त्याची आज थट्टा होते, पण स्वतःच्या गल्लीला पडद्यावर पाहण्याचा पहिला आनंद लोकांना त्यानेच दिला. अडचण एकच होती. केबलची वायर बाजारपेठेतल्या घरांपर्यंत जायची. कोस-दीड कोसावरच्या त्या वस्त्यांकडे ती वळलीच नाही, आणि चरायला गेलेल्या मेंढरामागे वायर ओढत नेता येत नाही. माण तालुक्याचा निम्मा संसार घराबाहेर चालतो. त्याला कानाचंच माध्यम हवं होतं.

ते मिळायला कारण झालं क्रिकेट! १९९३ च्या हीरो कपचे सामने कुणी दाखवायचे यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती-प्रसारण खातं यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला, तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं त्या निकालाने म्हटलं. पण निकाल आणि अंमल यांच्यात आपल्याकडे जेवढं अंतर असतं तेवढं इथेही होतंच. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र निघालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. तेलंगणातल्या पस्तापूरला दलित शेतकरी बायकांनी स्टुडिओ १९९८ लाच बांधून ठेवला होता. दहा वर्षं त्या कार्यक्रम टेपवर भरत राहिल्या आणि टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव ऐकवत राहिल्या. त्यांच्या संघम रेडिओला हवेत जायची मुभा १५ ऑक्टोबर २००८ ला मिळाली. म्हसवडचं केंद्रही त्याच वर्षीचं. याचा अर्थ असा की देशात अशी केंद्रं निघाली त्या पहिल्याच घाण्यात माण होता. दुष्काळाशिवाय दुसऱ्या कुठल्या यादीत आमचं नाव इतकं वर क्वचितच येतं.

केंद्र काढलं माणदेशी फाउंडेशनने. त्यामागच्या चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाशांच्या चळवळीत घडलेल्या, म्हसवडच्या विजय सिन्हांशी लग्न करून या माळावर आल्या. त्यांच्या बँकेची कथा आता बरीच सांगून झाली आहे, तरी रेडिओसाठी ती पुन्हा सांगावी लागते. म्हसवडच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, त्यावर सह्यांच्या जागी अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बायका काही महिने अक्षरं गिरवत बसल्या, मग पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. परवाना मिळाला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. लिहिता येत नाही म्हणजे कळत नाही, हा समज त्या दिवशी मुंबईच्या एका कचेरीत मोडला. अकरा वर्षांनी माळावर रेडिओ निघाला तो याच खटल्याचा पुढचा भाग आहे असं मी धरतो.

आता यंत्राकडे वळू. अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो. पूर्वी ओसरीवर पिवळा दिवा लागायचा तो ६० वॅटचा. म्हणजे दिव्याच्या आकड्याहूनही कमी ताकदीवर हा आवाज हवेत जातो. मनोऱ्याची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की थांबतात. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर मजल. माणदेशात माळ लांबच लांब आहे, त्यामुळे तिथवर त्या बिनबोभाट जातात, पण शिखर शिंगणापूरच्या महादेवाच्या डोंगररांगेपुढे त्यांनाही हात टेकावे लागतात. वस्ती ओढ्यात असेल तर घरात खरखर आणि बांधावर स्वच्छ, असा प्रकार होतो. मग माणूस बांधावर जाऊन बसतो. २००८ च्या सुमाराला बटणांचे स्वस्त मोबाइल आले, त्यांत एफएम असायचा आणि कानात घालायची वायर हीच त्याची एरियल व्हायची. मेंढक्याच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि कानात वायर हे चित्र तेव्हापासूनचं. नंतरच्या महागड्या फोनांतून एफएम हळूच काढून टाकला गेला, ही गोष्ट शहरात कुणाच्या लक्षातही आली नसेल.

मजल कमी असणं हा या रेडिओचा दोष मानतात. मला तसं वाटत नाही. ज्या बाईचा आवाज पंधरा किलोमीटरच जातो, ती आठवड्याच्या बाजारात तिच्या ऐकणाऱ्यांच्या हाती सापडते. काल पाटवड्याची कृती सांगताना पीठ किती घ्यायचं ते चुकलीस, हे तिला मेथीची जुडी घेता घेता ऐकावं लागतं. १९५६ च्या मंडळांना प्रश्न पोस्टाने धाडावे लागत. इथे ते भाजीच्या पाटीशी विचारले जातात. पॉल न्यूरॅथला हे बघायला आवडलं असतं.

भाषेचंही तसंच. पुण्याच्या रेडिओवर माणदेशी बोली यायची ती पात्राच्या तोंडी, श्रुतिकेत, आणि निवेदन मात्र शुद्ध. म्हसवडला निवेदनच ‘आवं, वाईच ऐका की’ असं होऊ शकतं. हा फरक छोटा नाही. धनगरांच्या ओव्या, सुंबरान, गजी ढोल, जात्यावरची गाणी हे सगळं या मुलखात होतंच, संशोधक येऊन ते टिपूनही नेत होते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या कामाला तोड नाही. पण टिपून नेणं आणि त्याच संध्याकाळी त्याच रानात परत ऐकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी गावात मनोरा लागतो.

या सगळ्याची परीक्षा २०१२-१३ च्या दुष्काळात झाली. माणमध्ये प्यायला पाणी नव्हतं, वैरणीचा प्रश्नच नको. फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली, हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं महिनोन् महिने माळावर राहिली. ज्यांनी छावणी पाहिलेली नाही त्यांना सांगतो, ते एक गावच असतं. दावणी, पालं, चुली, पेंढ्यांची वाटणी, पाण्याच्या टँकरपुढची रांग, आणि संध्याकाळी वेळ खायला उठतो. घर बंद, रान कोरडं, करायला काही नाही. अशा वेळी लोक गातात. केराबाईंची गोष्ट चेतना सिन्हांनी २०१८ साली टेडच्या व्यासपीठावर सांगितली होती. केराबाई छावणीत गायच्या. रेडिओवर बोलायची इच्छा त्यांनी सांगितली तेव्हा व्यवस्थापकाने विचारलं, तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही, संहिता कशी लिहिणार? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लिहिता येत नसेल, गाता तर येतं, त्यात काय अवघड आहे. त्या निवेदिका झाल्या, नावारूपाला आल्या, मुंबईच्या रेडिओकडूनही त्यांना बोलावणी आली. कॅल्क्युलेटर न घेता व्याज करणाऱ्या बायकांचीच ही बहीण. फरक इतकाच की या वेळी अडवणारा साहेब बाहेरचा नव्हता, आपल्याच केंद्रातला होता. ही गोष्ट संस्थेने स्वतः जाहीरपणे सांगितली, याचं मला कौतुक वाटतं.

माणच्या खाली, सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळावाणी आहे. येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं ते केंद्र. जत म्हणजे निम्मा मराठी, निम्मा कन्नड बोलणारा तालुका, आणि केंद्रही दोन्ही भाषांत बोलतं. दोन्ही केंद्रं एकाच कोरड्या पट्ट्यात असून एकमेकांना ऐकू येत नाहीत. येरळावाणीचा इतिहास स्वतंत्र प्रस्तावना मागणारा आहे. सीमाभागातल्या भाषावादावर व्याख्यानं ठोकणाऱ्यांनी तिथे एक दुपार बसावं.

आता थोडं कडू. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. टँकर कधी येणार हे सांगायला हरकत नाही. तो का आला नाही हे विचारलं की ती बातमी होते, आणि निवेदिका जीभ आवरते. ज्या मुलखात टँकर न येणं हीच वर्षातली मोठी घटना, तिथे हा नियम चमत्कारिक दिसतो. जाहिरातींना तासाला पाच मिनिटांची मर्यादा होती, ती पुढे वाढवत नेली गेली. पण बाजारपेठेतला कापडवाला जाहिरात देऊन देऊन किती देणार? त्यामुळे केंद्र त्याच्या मातृसंस्थेच्या पदरालाच धरून राहतं. संस्था चांगली आहे तोवर ठीक. पण संस्थेवर टीका करणारा गावकरी संस्थेच्याच मायक्रोफोनपुढे कितपत मोकळा बोलेल, हा प्रश्न देशातल्या प्रत्येक सामुदायिक रेडिओला विचारावा लागेल, म्हसवडलाही. जो कुणी हा इतिहास लिहील त्याने कौतुकाच्या भरात हे प्रकरण गाळू नये. आणि दुसरं, निवेदिकांची कमाई, त्यांच्या घरच्यांची पहिली प्रतिक्रिया, लग्न होऊन गेल्यावर सुटलेले कार्यक्रम हेही त्यात यावं. रेडिओचा इतिहास म्हणजे उद्घाटनाला कोण पाहुणे आले याची यादी नव्हे.

शेवटी कामाचं. तीन महिन्यांचा नियम आपल्याला, ऐकणाऱ्यांना, लागू नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या वेळचं, छावणीतलं, करोनाच्या टाळेबंदीतलं काही तुमच्या जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डवर, पोरांनी हौसेने भरून ठेवलेल्या कॅसेटवर असेल. त्यात तुमच्या आजीने स्टुडिओत जाऊन म्हटलेली ओवी असेल, किंवा नुसतं फोन लावून विचारलेलं ‘शेळी खात न्हाई, काय करू’ असेल. तो फोन बिघडला म्हणून पाच-पन्नास रुपयांना भंगारवाल्याला देऊ नका. आधी आतला आवाज काढून घ्या, त्यावर तारीख आणि वस्तीचं नाव लिहा, आणि एक प्रत म्हसवडला नेऊन द्या.